इंग्रजाचा तारपा

इंग्रज माणूस कसा गातो हे मोखाड्याच्या डोंगरात पहिल्यांदा मी ऐकवलं, आणि ते चुकीचं ऐकवलं असं आता माझी मुलगी म्हणते. ती जव्हारला आश्रमशाळेत शिकवते. मी दुसरीतून शाळा सोडली. तरी ती म्हणाली आणि मी मान डोलावली, असं कुणी समजू नये.

मी भोंगेवाला. लग्न असो, पूजा असो, निवडणूक असो, खोडाळ्याच्या अंगाला कुठल्याही पाड्यावर गाणं वाजलं की लोक न बघता सांगायचे, भोंगेवाला आला. तेव्हा वीज नव्हती. बॅटरी, अँप्लिफायर, भोंगा आणि तबकड्या वाजवायचं यंत्र, एवढं सामान कावडीला बांधून मी डोंगर चढायचो. भोंगा मोहाच्या उंच फांदीला बांधायचा आणि तोंड दरीकडे करायचं. पलीकडच्या डोंगरावर नांगर धरलेल्या माणसालाही कळायचं की इकडे मांडव पडलाय. आमंत्रण नसलं तरी तो यायचा.

तबकड्यांना आम्ही प्लेट म्हणायचो. माझ्याकडच्या प्लेटा सगळ्या लहान, सिनेमातल्या गाण्यांच्या. मोठी प्लेट एकच, आणि ती इंग्रजी. धरणाच्या कामावर मी पाट्या उचलत होतो, तेव्हा तिथल्या साहेबाची बदली झाली आणि त्यानं बंगल्यातलं सामान वाटून टाकलं. कुणाला खुर्ची मिळाली, कुणाला कंदील. माझ्या हातात ही प्लेट आली. माझ्याकडे तेव्हा यंत्रही नव्हतं. बरोबरची माणसं हसली. "आता हिच्यावर भाकर थाप," म्हणाली. मी थापली नाही. प्लेट आली आहे तर यंत्रही येईल, असं मी धरून चाललो, आणि आलं. इगतपुरीच्या एका लाउडस्पीकरवाल्यानं धंदा बंद केला, त्याचं जुनं सामान मी उचललं.

त्या यंत्राला वेग बदलायचा खटका होता. खटक्याला खाचा होत्या. त्यातली एक खाच मी घेतलं तेव्हाच झिजलेली. खटका तिथं टिकायचाच नाही, घसरून शेवटच्या खाचेत जाऊन बसायचा, आणि तिथं प्लेट सगळ्यात सावकाश फिरायची. लहान प्लेटांची गाणी रेडिओवर ऐकलेली होती, त्यामुळं त्यांची खाच मला कानानं सापडली. मोठ्या प्लेटीचं गाणं कुणीच ऐकलं नव्हतं. मी विचार केला, लहान चाक भिरभिरतं, बैलगाडीचं मोठं चाक सावकाश फिरतं. खटकाही आपणहून तिकडेच जातोय. मोठी प्लेट शेवटच्या खाचेत. विषय संपला.

आणि काय वाजायची! आधी बराच वेळ नुसतं एक लांबलचक घुमणं. ते कुठल्याशा इंग्रजी पेटीचं होतं, असं मुलीनं आता सांगितलं. आम्हाला तो तारपाच वाटला. भोपळ्याचा आणि ताडाच्या पानांचा आमचा तारपा असाच घुमत घुमत माणसाच्या पोटात उतरतो. मग ढोल. एक ठोका पडला की दुसरा पडेपर्यंत माणूस तंबाखू मळून घेईल. आणि मग तो इंग्रज. विहिरीच्या तळाशी बसून कुणी दांडगा म्हातारा बोलतोय, असा आवाज. एकेक शब्द ओढून ओढून. आम्हाला वाटलं, इंग्रज असाच गातो. इतक्या लांब राज्य करायला आलेली माणसं, त्यांना घाई कसली असणार?

एक बाजू लावली की जेवून, हात धुऊन, चार माणसांशी बोलून परत येईपर्यंत ती चालूच असायची. भोंगेवाल्याला आणखी काय पाहिजे? म्हणून सकाळी बॅटरी तपासायला मी आधी तीच लावायचो.

खोडाळ्याच्या पुढच्या एका पाड्यावर अशीच सकाळी लावली. हळदीच्या बायका जमत होत्या. त्यातली एक पोरगी माझ्या यंत्रापाशी आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काय रं भोंगेवाल्या, यात कोन रडतंय?"

"रडत नाही. इंग्रज गातोय."

"त्याची बायको मेली का?"

"मला काय ठाऊक?"

"पलेट तुझी आन तुला ठाऊक नाय?"

मी चिडलो. "ऐकायचं तर ऐक, नाहीतर हळद वाट जा."

ती गेली नाही. मान वाकडी करून ऐकत राहिली. मग म्हणाली, "हा तारपाच हाय. फकस्त वाजवनारा उपाशी हाय." आणि तिनं मागच्या बायकांना हाका मारल्या. एकमेकींच्या कमरेत हात घालून त्यांनी फेर धरला, ही पुढं. त्या संथ ठोक्यात त्यांचे पाय असे बसले की जणू त्या साहेबानं ती प्लेट ह्याच पाड्यासाठी मागवली होती. मांडवातले पुरुष कामं टाकून बघायला आले. मी बॅटरीकडे बघायचं सोडून तिच्याकडे बघत होतो, आणि ते तिला कळलं होतं.

आमचंच लग्न निघालं तेव्हा भोंगा मीच बांधला. नवरदेव झाडावर चढलाय म्हणून तिच्या माहेरचे लोक हसत होते. लग्न लावणारी धवलेरी बाई रागावली. म्हणाली, "आधी माझी गानी, मग तुमचा इंग्रज." नवरी मुंडावळ्यांतून म्हणाली, "तुझं झालं का सांग. त्याला थांबवून ठेवलाय." सगळा मांडव हसला, धवलेरीही हसली.

त्या दिवसापासून त्या प्लेटीला 'इंग्रजाचा तारपा' हेच नाव पडलं. लोक सुपारी द्यायला आले की सांगायचे, तारपा आणायला विसरू नको. बायको मला आयुष्यभर भोंगेवाल्या म्हणाली. मुलगी झाली, मुलीची मुलं झाली, तरी भोंगेवाल्याच.

पुढं कॅसेट आल्या. मग डीजे आले, टेम्पो भरून पेट्या. एका डीजेवाल्यानं मला गाडीवर ये म्हणून निरोप पाठवला. मी गेलो नाही. कुठलं गाणं लावायचं ते मी ठरवायचो. दुसऱ्याच्या पेटीची वायर धरून उभा राहणारा मी नव्हे. भोंगा उतरवला, यंत्र बाजेखाली गेलं.

प्लेट मात्र बायकोनं जपायला घेतली. आमच्या पावसात घरातल्या सगळ्याला बुरशी धरते. म्हणून जे जपायचं ते चुलीच्या वर माळ्यावर ठेवतात. नागलीचं बियाणं तिथं, मासे धरायची जाळी तिथं. धुरानं कीड लागत नाही, ओल धरत नाही. तिनं प्लेट बियाण्याच्या टोपलीशेजारी ठेवली. तिच्या लेखी घरात याहून चांगली जागा नव्हती. पाऊस सरल्यावर खाली काढली, तर भाजलेल्या पापडासारखी वाकडी. तिनं ती दोन्ही हातांत धरली. "बियानं बरं राह्यलं," म्हणाली, "आन ही कशी रं वाकली?" मला हसू आलं होतं, पण तिचं तोंड बघून ते मी दाबलं. तिनं ती प्लेट पाकिटासकट खिळ्याला टांगली. त्या पाकिटावर पाण्यात उभ्या असलेल्या पांढऱ्या घोड्याचं चित्र आहे. घरी नवीन माणूस आला की हा कुठला देव, असं विचारायचा.

गेल्या थंडीत बायको गेली. छातीचं दुखणं जुनं होतं. मोखाड्याला दवाखान्यात राहून आली, पुन्हा बिघडलं, आणि या वेळी मला घरीच राहू द्या म्हणून हटून बसली. मुलगी रजा काढून आली. जायच्या आधी एकदा बायकोनं मला जवळ बोलावलं.

"भोंगेवाल्या, माझ्या दिवसाला तारपा लाव."

"कुठला?"

"इंग्रजाचा. दुसरा कुठला?"

"अगं, ती प्लेट..."

"पलेट मला ठाऊक हाय. मीच वाकवली ना. कसा लावशील ते तुझं तू बघ. पन लाव."

मी म्हटलं, लावतो. आमच्यात माणूस गेल्यावर पुढं सवडीनं त्याचा दिवस घालतात. कामडी येतो, मेलेल्या माणसाची गाणी म्हणून त्याला बोलावतो, आणि त्याला जे आवडायचं ते त्याच्यापुढं ठेवतात. कुणाला ताडी ठेवतात, कुणाला तंबाखू, कुणाला सुकी मासळी. जे मागितलं ते ठेवलं नाही तर तो माणूस आला कशाला, असं होतं. मी लावतो म्हटलं होतं आणि माझ्याकडे एक वाकडी प्लेट आणि एक मेलेलं यंत्र होतं.

मुलीला सांगितलं. तिनं खिळ्यावरच्या पाकिटाचा फोटो काढून नेला आणि थोड्या दिवसांनी मला जव्हारला बोलावलं. गेलो तर समोर पाण्याच्या पेल्याएवढा एक स्पीकर.

"बा, सापडलं. अख्खी प्लेट आहे. त्या कंपनीनं सगळं जुनं धुऊन-पुसून पुन्हा काढलंय. रिमास्टर म्हणतात त्याला. रॉकची फार मोठी प्लेट होती ही, जगभर गाजलेली."

"मोखाड्यात गाजली होती. जगाचं मला माहीत नाही. लाव."

तिनं लावलं. काही तरी घुमलं, पण घुमतंय म्हणेपर्यंत संपलंसुद्धा. ढोल कुणीतरी पाठीस लागल्यासारखा पळायला लागला. आणि मग एक पोरगं ओरडायला लागलं.

"हे कोण?"

"तोच. गाणारा."

"तो म्हातारा आहे."

"नाही बा. तेव्हा विशी-पंचविशीतला असेल तो."

"मी त्याला तुझ्या जन्माआधीपासून ओळखतो. मला सांगू नकोस."

तिनं पुढचं गाणं लावलं, त्याच्या पुढचं लावलं. सगळं लख्ख होतं, घासलेल्या तांब्यासारखं. एक एक तार वेगळी ऐकू येत होती. आणि त्यात माझं काहीच नव्हतं. मी म्हटलं, कंपनीनं धुता धुता गाणं आटवलं. मुलगी काहीतरी समजावत होती. मी टोपी घातली आणि न जेवता मोखाड्याची जीप धरली. जीपमध्ये शेजारचा माणूस विचारत होता, पोरीकडं सगळं बरं ना? बरं आहे म्हटलं.

रविवारी ती आलीच. माझ्याशी न बोलता बाजेखालून यंत्र ओढलं, फडक्यानं पुसलं, चष्मा लावून खटक्याकडं बघत बसली. मग खिळ्यावरची प्लेट काढून तिच्या मधल्या कागदावर बोट ठेवलं.

"बा, ही प्लेट तेहेतीसवर वाजवायची, मिनिटाला तेहेतीस फेरे. इथं लिहिलंय. तेहेतीसची खाच झिजलीय. तू सोळावर वाजवत होतास."

"मग?"

"मग गाणं निम्म्या वेगानं वाजत होतं. आवाज जाड येत होता. तो म्हातारा नव्हताच कधी."

"इतकी लग्नं वाजवली मी. एक माणूस म्हणाला नाही, भोंगेवाल्या, हे चुकतंय."

"त्यांना कसं कळणार?"

"तुझ्या आईला कळलं असतं. तिचा पाय कधी चुकला नाही."

 मुलीनं यंत्र परत बाजेखाली सरकवलं आणि चहा टाकला. चहा पिताना आम्ही वरईच्या भावावर बोललो.

मुलगी जव्हारला परतल्यावर मी त्या प्लेटीपुढं बसलो. मुलगी खोटं बोलत नाही, हे मला ठाऊक आहे. पण मग ती पाड्यावरची पोरगी कशावर नाचली? त्या इंग्रजानं तसं कधी गायलंच नव्हतं. त्याला विचारलं तर तो म्हणेल, हे माझं नव्हे. कंपनीकडे त्याची मूळ टेप आहे, ती त्यांनी सांभाळली, धुतली, नवी केली. आमच्या तारप्याची मूळ टेप कुठंच नाही. तो एका झिजलेल्या खाचेत तयार व्हायचा, मोहाच्या फांदीवरून दरीत जायचा आणि संपायचा. ज्यांनी ऐकला त्यातली निम्मी माणसं गेली. आणि जिनं मागितला ती तर गेलीच.

मी दिवस पुढं ढकलणार होतो. तेवढ्यात मुलीचा फोन आला.

"बा, शाळेतल्या कॉम्प्युटरच्या सरांना विचारलं. त्यांनी ते नवीन गाणं बरोबर निम्मं सावकाश करून दिलंय. आवाजही जाड होतो. ऐकवू?"

"नको."

"अरे, बरोबर आहे का ते तर बघ."

"तिच्या दिवसालाच ऐकेन. तिच्याआधी मी ऐकणार नाही."

हट्टी आहेस, म्हणाली. आहेच.

दिवस घातला तेव्हा अंगण भरलं होतं. तिच्या माहेरच्या पाड्यावरूनही बायका आल्या होत्या, तिच्या वयाच्या, काठ्या टेकत. कामडीनं सकाळपासून गाणी म्हटली. तिचा जन्म सांगितला, लग्न सांगितलं, तिनं लावलेलं भात सांगितलं. पुढं मी तिला आवडणारं सगळं ठेवलं. सुके बोंबील, कोरा चहा, तपकिरीची डबी. मग कामडी थांबला आणि माझ्याकडं बघितलं. मी मुलीला खूण केली. तिनं मोठा स्पीकर आणला होता, तो पायरीवर ठेवला.

घुमणं सुरू झालं. तेच. अगदी तेच, लांबलचक, पोटात उतरणारं. बायका कुजबुजायच्या थांबल्या. मग ढोलाचा एक ठोका, आणि वाट बघायला लावून दुसरा. माहेरच्या एका म्हातारीनं शेजारणीला कोपर मारलं.

"अगो, हा तं भोंग्याचा तारपा!"

"कुठून काढला गं ह्या मेल्यानं?"

"त्याच्याच पोटात होता वाटतं!"

त्या हसल्या. मीही हसलो असेन. आणि तो म्हातारा गायला लागला, माझा म्हातारा, विहिरीच्या तळातून. मुलीनं माझ्याकडं बघितलं आणि मी मान हलवली. पहिली ओळ संपली.

पहिली ओळ संपली आणि दुसरी सुरू व्हायच्या आधी तो श्वास घेत होता. भोंग्यात हे कधी ऐकू आलं नव्हतं. भोंग्यात खरखर असायची, वारा असायचा, मांडवातल्या पोरांचा गोंगाट असायचा. आता कंपनीनं सगळं पुसून काढलं होतं आणि मागं राहिलेला श्वास उघडा पडला होता. मुलीच्या शाळेतल्या सरांनी तो निम्मा सावकाश केला होता. आत ओढत, ओढत, घशात कुठंतरी घासत वर येणारा, मग थांबणारा. थांबून राहणारा.

तिच्या शेवटच्या दिवसांत घरात हाच आवाज होता. बाजेच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला मुलगी, आणि मधे हे. ती आत ओढायची आणि थांबायची, आणि ती थांबली की आम्ही दोघं एकमेकांकडं बघायचो. पुन्हा सुरू झाला की आम्हीही श्वास सोडायचो. एकदा थांबला तो सुरू झाला नाही, तरी आम्ही वाट बघत बसलो होतो.

अंगणात कुणाला काही कळलं नाही. बायका बसल्या जागी माना डोलावत होत्या. कामडी माझ्याकडं वाकून म्हणाला, "दमाचा गडी हाय तुझा इंग्रज." प्रत्येक ओळीनंतर तो श्वास येत होता. मी मुलीकडं बघितलं. तिचा हात फोनकडं गेला होता. तिलाही ऐकू येत होतं. त्या बाजेजवळ बसलेली आम्हीच तर दोघं.

"बंद करते," ती म्हणाली.

"राहू दे."

"बा, नको."

"तिनं मागितलंय. राहू दे."

तिनं हात मागं घेतला. मग उठून माझ्याजवळ येऊन बसली, लहान असताना बसायची तशी, माझ्या गुडघ्याला पाठ लावून. आम्ही ते सबंध ऐकलं. दर वेळी श्वास थांबला की तिची पाठ ताठ व्हायची आणि तो पुन्हा गायला लागला की सैल पडायची. गाणं किती लांब होतं ते मला त्या दिवशी कळलं.

संपल्यावर बायका उठल्या, जेवणाची पानं मांडली. माहेरच्या त्या म्हातारीनं जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तिला पोचलं रं," म्हणाली. पोचलं असेल. मी लावतो म्हटलं होतं, लावलं.

मुलीनं ते गाणं माझ्या फोनात टाकून दिलंय. बारकंसं चित्र येतं, त्यावर बोट ठेवायचं, एवढंच. तिनं माझं बोट धरून दाखवलं. श्वास काढून टाकून देते, असंही म्हणाली, सर करून देतील. मी नको म्हटलं. आता कुठून कुठून काय काय काढायचं?

दर रविवारी ती फोनवर विचारते, "बा, ऐकलंस का?"

सगळी हयात यंत्रं वाजवण्यात गेली माझी. मी तिला सांगतो, मला ते लावता येत नाही.